बाद होण्याचा हक्क

'सूट' हा मराठीतला मोठा लाघवी शब्द आहे. दिवाळीत तो कापडदुकानाच्या दारावर लटकतो, मार्चमध्ये आयकराच्या कागदांत भेटतो, जूनमध्ये शाळेच्या शुल्काच्या पावतीवर दिसतो. सूट मिळाली की माणूस सुखावतो. निदान तक्रार तरी करीत नाही. केलीच, तर जग त्याला कृतघ्न म्हणते. आम्हांला या लेखात ह्या लाघवी शब्दाविरुद्धच तक्रार करायची आहे. आपल्या शाळांमध्ये अपंग मुलामुलींना एक सूट गेली कित्येक दशके सढळ हाताने दिली जाते. शिष्यवृत्तीसाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात रांगा लावाव्या लागतात. ही सूट मात्र न मागता, पहिल्याच दिवशी, डोक्यावरून हात फिरवून दिली जाते. ती म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ही सूट नव्हे, हकालपट्टी आहे. दयेचा सदरा घालून वावरते म्हणून कोणी तिला तसे म्हणत नाही, इतकेच.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही 'मैदान' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. साठेक निबंध आले. बहुतेकांत धूळ होती, घाम होता, जिंकलेले सामने होते, आणि शेवटी खिलाडूवृत्तीवर एक परिच्छेद होता. एक निबंध मात्र दीडच पानाचा होता. तो लिहिणाऱ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मापासून तिचा डावा हात आणि डावा पाय ताठर आहेत. (तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत.) तिने मैदानाचे वर्णन व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून केले होते, कारण पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे तिने मैदान तेथूनच पाहिले. वर्ग खेळत असताना दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणे हे तिचे काम. कोणाच्या दप्तराची साखळी तुटली आहे, कोणाची बाटली झिरपते, कोण खेळायला जाताना पैंजण काढून कंपासपेटीत ठेवते, हे सारे तिला पाठ होते. निबंधाचे शेवटचे वाक्य होते : 'मला एकदा तरी बाद व्हायचे होते.' आम्ही सवयीने त्या पानावर दोन ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केले होते. हे वाक्य वाचल्यावर पेन खाली ठेवले.

नंतर बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. दहावीच्या गुणपत्रकावर 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या विषयापुढे तिला 'अ' श्रेणी आहे. सहा वर्षांत ज्या मुलीने मैदानाची आखणी ओलांडली नाही, तिला मैदानाच्या विषयात सर्वोत्तम श्रेणी! ही श्रेणी कोणी दुष्टाव्याने दिलेली नाही. शिक्षकांना तिची दया आली असणार. पण क्षणभर कल्पना करावी, की गणिताच्या तासाला एखाद्या मुलाला वर्गाबाहेर बसवले, सहा वर्षांत त्याला एकही उदाहरण सोडवू दिले नाही आणि शेवटी त्याच्या गुणपत्रकावर शंभरपैकी शंभर लिहून दिले. त्याचे पालक शाळेत येऊन जाब विचारतील. शारीरिक शिक्षणाच्या बाबतीत मात्र कोणीही जाब विचारीत नाही. उलट पेढे वाटले जातात.

आपल्या गल्लीबोळांतल्या खेळांत एक जुनी संस्था होती : कच्चा लिंबू. धाकटे भावंड किंवा नीट पळता न येणारे मूल खेळात घ्यायचेच असेल, तर त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. तो मध्ये धावणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि त्याला कोणी बाद करणार नाही. त्यात एक शहाणपण होते हे आम्ही नाकारीत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना एवढे कळत होते, की नियम माणसाप्रमाणे वाकवता येतात आणि कोणाला घरी पाठवण्यापेक्षा नियम वाकवणे बरे. शाळा नावाच्या मोठ्या संस्थेला तेवढेही जमलेले नाही; तिने कच्च्या लिंबालाही मैदानाबाहेर काढून दप्तरांवर बसवले. पण कच्च्या लिंबाच्या नशिबी एक दुःख असतेच, आणि ते आमच्या विद्यार्थिनीने नेमके ओळखले होते. ज्याला बाद करता येत नाही, तो खेळाडू नसतो. बाद होणे म्हणजे आपली दखल घेतली जाणे. प्रतिस्पर्ध्याने आपल्यासाठी डाव आखला, आपल्या मागे धावला, आपल्याला गाठले आणि आपण हरलो : हा मानवी प्रतिष्ठेचा एक साधा, धुळीने माखलेला प्रकार आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू असणे पुरते. चौदा वर्षांच्या मुलीला ते पुरत नाही.

दगड मारण्यापूर्वी आमचे हातही तपासून पाहावेत हे बरे. नव्वदच्या दशकात आम्ही शाळेत होतो तेव्हा दोघांच्याही वर्गांत पोलिओ झालेले मित्र होते. शाळा दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या, पण प्रथा एकच : त्यांना आम्ही गुण लिहायला बसवीत असू. आपण त्यांना सामील करून घेतले, असे आम्हांला मनापासून वाटत असे. पुढे प्राध्यापक झाल्यावरही आम्ही काही शहाणे झालो नाही. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीला महाविद्यालयाच्या क्रीडामहोत्सवात आम्ही सूत्रसंचालन दिले होते. 'तुझा आवाज किती छान आहे!' असे म्हणून दिले होते. आवाज छान आहे हे खरे. पण ध्वनिक्षेपकापाशी तिला बसवताना आम्हांला सुटल्यासारखे वाटले होते, हेही तितकेच खरे. दप्तरे, गुणफलक आणि ध्वनिक्षेपक ही एकाच पायरीवर बसण्याची तीन साधने आहेत. तेव्हा येथे जी टीका आहे ती आरोपींच्या पिंजऱ्यातून केलेली आहे असे समजावे.

हे असे का होते? आमच्या मते त्याचे मूळ निव्वळ उदासीनतेत नाही. 'शारीरिक शिक्षण' म्हणजे काय याच्या आपल्या कल्पनेत आहे. महाराष्ट्रातील शालेय शारीरिक शिक्षणाला दोन पूर्वज आहेत. एक कवायत, म्हणजे पलटणीचा वारसा : सावधान, विश्राम, एक रांग, एक ठेका, सगळ्यांचे पाय एकाच वेळी वर. दुसरा आखाडा, म्हणजे बलोपासनेचा वारसा. त्या दुसऱ्या परंपरेचा आम्हांला अभिमान आहे. 1914 साली अमरावतीत उभे राहिलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि 1936 साली बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलेले त्याचे पथक हा कोणालाही अभिमान वाटावा असाच इतिहास आहे. पारतंत्र्यात शरीर कमावणे ही राजकीय कृती होती. पण दोन्ही परंपरांत एक गृहीत आहे : शरीर धडधाकट असते, आणि शिक्षण म्हणजे धडधाकटाला अधिक धडधाकट करणे. कवायतीच्या रांगेत वेगळा पडणारा पाय ही चूक ठरते. आखाड्यात दुबळे शरीर ही लाज ठरते. स्वातंत्र्यानंतर उद्देश बदलले, पाठ्यपुस्तके बदलली. मैदानावर मात्र अजून निवडच चालते. तासाला संघ निवडला जातो, तालुक्याला संघ पाठवला जातो, ढाल आणली जाते. ज्याला शिकवायचे तो विद्यार्थी, ही व्याख्या मैदानावर लागू होत नाही. जो जिंकून आणील तो विद्यार्थी. या चाळणीतून अपंग मुले सर्वांत आधी गळतात, मग जाड मुले, मग लाजऱ्या मुली, आणि शेवटी वर्गातली निम्मीअधिक मुले प्रेक्षक होतात. म्हणून आमचे भांडण केवळ अपंग मुलांच्या वतीने आहे असे कोणी समजू नये.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. आपले न्यून झाकण्यासाठी अंगणाला दोष देणाऱ्याची ती थट्टा आहे. पण अंगण खरोखरच वाकडे असेल तर? आपली भाषा हा प्रश्न विचारीत नाही. ती 'लंगडी सबब' म्हणते, 'आंधळा विश्वास' म्हणते, 'बहिरे सरकार' म्हणते, आणि न्यून नेहमी शरीरात शोधते. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. लवकरच तो सरकारी पाट्यांवर चढला. हेतूबद्दल आम्हांला वाद घालायचा नाही. परंतु मुलीला दिव्य अंगाची म्हणायचे आणि त्या अंगाला दप्तरांपाशी बसवायचे, हा प्रकार आम्हांला साध्या 'अपंग' शब्दापेक्षा अधिक टोचतो. शब्द पाटीवर बदलतो. अंगण मात्र फावड्याने सपाट करावे लागते.

आता वाकडे अंगण म्हणजे काय ते नेमके पाहू. कर्णबधिर मुलाचे हातपाय सर्वसाधारणपणे शेजारच्या मुलाइतकेच चपळ असतात. त्याला फुटबॉलमधून बाहेर काढणारी वस्तू कोणती? पंचाची शिटी. शिटीबरोबर एक झेंडा हलवला की अडथळा संपला. ज्याला दिसत नाही त्याला चेंडू सापडत नाही, कारण चेंडू मुका आहे. अंधांच्या क्रिकेटमधल्या चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो, सरपटी टाकला जातो, आणि टाकण्यापूर्वी गोलंदाज फलंदाजाला हाक देतो. या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा 1998 साली दिल्लीतच झाली. असा चेंडू शाळेत नसेल, तर साध्या फुटबॉलला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळावी. तो सळसळू लागतो. गोलबॉल हा खेळ दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 साली निघाला. त्यात तीन-तीन खेळाडू, घंटेचा चेंडू, आणि सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी. डोळस मुलांनी पट्टी बांधून तो एकदा खेळून पाहावा. कोण कुशल आणि कोण आंधळा हे पाच मिनिटांत उलटेपालटे होते. बोचिया हा खेळ 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि तो मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी रुजला. एक पांढरा चेंडू, त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचे. हाताने टाकता येत नसेल तर उताराच्या पन्हळीवरून सोडायचे. ज्याने लहानपणी गोट्या खेळल्या आहेत त्याला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि परदेशी खेळांकडे तरी कशाला जावे? खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण कोणत्याही क्षणी बसलेलेच असतात. त्यांतल्या एकाला उठून धावण्याऐवजी बसल्या जागेवरून हात लांबवून गडी बाद करण्याची मुभा दिली, तर खेळाचे कोणते शील भ्रष्ट होते? लगोरीत एका हाताने चेंडू मारणारी मुलगी चालते. फार तर रेषा दोन पावले पुढे घ्यावी. सर्वांत मोठा विनोद लंगडीचा आहे. या खेळात धडधाकट मुले हौसेने एक पाय उचलून लंगडी होतात आणि टाळ्या मिळवतात. जिचा एक पाय खरोखरच उणा आहे ती मात्र पायरीवर बसून टाळ्या वाजवते. नियम हे ब्रह्मवाक्य नसते. प्रत्येक खेळाचा प्रत्येक नियम कोणीतरी, कोणत्यातरी शरीराकडे पाहून बनवलेला असतो.

'पण तिला काही झाले तर?' हा पहिला आक्षेप, आणि तो मुख्याध्यापकांच्या तोंडी असतो. आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. जबाबदारी त्यांच्यावर असते. परंतु काळजी आणि भीती यांत फरक आहे. काळजी नेमकी असते. भीती मोघम असते. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. हिमोफिलियाच्या मुलाला कबड्डीची झटापट नको, पण पोहणे त्याला उपकारक ठरते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलच्या मुलाला उन्हात दमेपर्यंत पळवू नये. मध्येमध्ये पाणी आणि विश्रांती द्यावी. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांची मानेची सांधणी सैल असते, म्हणून त्यांना कोलांट्या घालायला लावण्यापूर्वी तपासणी हवी. अपस्माराचे मूल एकटे पाण्यात उतरू नये. याला काळजी म्हणतात. या प्रत्येक वाक्यात 'हे नको' बरोबर 'हे चालेल'ही आहे. शाळेत येणाऱ्या वैद्यकीय चिठ्ठीवर मात्र एकच ओळ असते : खेळापासून सूट द्यावी. डॉक्टरांना आमची विनंती आहे, की त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी : हे मूल काय काय करू शकते.

आणि न खेळल्याने काही होत नाही, असे कोणी सांगितले? किशोरवयात हाडे झपाट्याने वाढतात. ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, आणि हालचाल नसेल तर सांधे आखडत जातात. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला आयुष्यभर खांद्यांच्या बळावर जगायचे असते. ते बळ याच वर्षांत कमवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत 5 ते 17 वयाच्या अपंग मुलांसाठीही इतर मुलांप्रमाणेच दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस आहे. 'घरी फिजिओथेरपी चालू आहे ना' असे यावर उत्तर मिळते. चालू असेल, ती हवीच. पण ती उपचार आहे, खेळ नव्हे. या मुलांचे शरीर जन्मापासून कोणीतरी तपासत, ताणत, दुरुस्त करीत असते. आपले शरीर दुरुस्तीचा विषय नसून मजेचे साधन आहे, हा अनुभव त्यांना एका जागीच मिळू शकतो, आणि ती जागा मैदान आहे. शिवाय शाळेतल्या मैत्र्या बाकांवर कमी आणि मैदानावर अधिक जमतात. जी मुलगी आठवड्यातून दोन-तीन तास पायरीवर बसते, ती मधल्या सुट्टीतही पायरीवरच बसते. मुलींच्या बाबतीत तर ही सूट दुहेरी असते. घरातून 'पडलीस तर लग्नाचे काय' आणि शाळेतून 'पडलीस तर आमचे काय'. पडण्याची परवानगी दोन्हीकडून नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा : सत्तर मुलांमागे मी एकटा, त्यांत या एकीकडे कसे पाहू? या आक्षेपात तथ्य आहे. कित्येक शाळांत क्रीडाशिक्षक नाही, असला तर त्याच्याकडे निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सारी कामे आहेत, आणि परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणित गिळते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आहे, अडथळाविरहित प्रवेश आहे, शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही आहे. समग्र शिक्षा योजनेत माध्यमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्या पैशात दरवर्षी येणाऱ्या बॅटी आणि नेट यांच्या सोबत एक घंटेचा चेंडू का येत नाही, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत कोणी विचारला आहे काय? आणि एकट्या शिक्षकाला न जमणारे काम वर्ग करू शकतो. मुलांसमोर प्रश्न टाकावा : ही आपल्या संघात आहे, नियम काय करू या? पंधरा मिनिटांत ती असा तोडगा काढतील, की तो आपल्याला चार कार्यशाळा घेऊनही सुचला नसता. कच्चा लिंबू त्यांच्याच पूर्वजांचा शोध आहे.

कायद्याविषयी फार लिहीत नाही, कारण कायदा आमच्या बाजूने आहे आणि त्याचा उपयोग होत नाही, या दोन्ही गोष्टी वाचकांना ठाऊक असतात. तरीही नोंद असावी. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने 2007 साली शिक्कामोर्तब केले, त्याच्या तिसाव्या कलमात अपंग मुलांना शालेय व्यवस्थेतील खेळांसह सर्व खेळांत इतर मुलांच्या बरोबरीने संधी देण्याचे वचन आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे सोळावे कलम शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाची समान संधी देण्यास शाळांना सांगते. तिसावे कलम तर क्रीडाकार्यक्रमांची फेररचना करण्यास सांगते. म्हणजे मूल बदलायचे नाही, कार्यक्रम बदलायचा आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. 2022 च्या 3 डिसेंबरपासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. विभाग आहे, कायदा आहे, करार आहे. आठवडी वेळापत्रकातल्या त्या चाळीस मिनिटांत मात्र यांपैकी कोणीही हजर नसते.

तिसरा आक्षेप हा आक्षेप नसून अभिमान आहे, आणि आम्हांला तो सर्वांत धोकादायक वाटतो. 'अहो, आपली मुले पॅरालिम्पिकमध्ये पदके आणताहेत!' होय, आणताहेत. 2024 साली पॅरिसमध्ये भारताने 29 पदके मिळवली. त्यांत सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतले रौप्य होते. याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात देशाचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले होते. त्यांना पद्मश्री 2018 साली मिळाली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी; अभिमानालाही आपल्याकडे बराच उशीर होतो. पण पेटकरांची गोष्ट नीट वाचावी. ते सैनिक होते, मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागण्यापूर्वी त्यांचे शरीर खेळात घडलेले होते. जे मूल जन्मतःच वेगळे शरीर घेऊन येते, त्याला हे घडण कोण देणार? पायरीवर बसवलेल्यांतून पदकविजेते निघतात ते शाळेमुळे नव्हे, शाळा असूनही. आणि समजा कोणीच निघाले नाही, तरी काय बिघडले? धडधाकट मुलाला आपण कबड्डी खेळू देतो ती तो देशासाठी पदक आणील या बोलीवर नव्हे. अपंग मुलाला मात्र दोनच पर्याय : एक तर बिचारा, नाही तर प्रेरणास्थान. साधारण खेळण्याचा, वाईट खेळण्याचा, रडीचा डाव खेळण्याचा पर्याय त्याला कोणी देत नाही.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी मुंबईत शिवाजी पार्कवर जावे. 1925 साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दादरच्या अंधशाळेतील मुलींना मल्लखांब शिकवला. मल्लखांब! ज्या नावाला अनोळखी पालक घाबरून मागे सरतील तो प्रकार. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की या व्यायामात शरीर खांबाला किंवा दोराला सतत बिलगलेले असते. पुढची पकड डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने सापडते. आम्ही वर आखाड्याच्या परंपरेला दोष दिला. तिचे हे दुसरे रूपही तितकेच मराठी मातीतले आहे. देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. शाळाशाळांतून त्यांचे अनुकरण झाले असते, तर तो सन्मान अधिक मोठा झाला असता.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शारीरिक शिक्षणाच्या नोंदवहीतून 'सूट' हा शब्द काढून टाकावा आणि त्याजागी दोन रकाने आखावेत : हे मूल काय खेळले, आणि त्यासाठी नियमात कोणता बदल केला. दुसरा रकाना कोरा असेल तर दोष मुलाचा नव्हे, शाळेचा समजावा. न खेळवता श्रेणी देऊ नये. ती दया नसून खोटी नोंद आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर आणि पदवी अभ्यासक्रमांत हा विषय एका प्रकरणापुरता न ठेवता मैदानावरच्या सरावाचा भाग करावा. अपंग दिनाला वेगळ्या शर्यती, पाहुण्यांचे ओले डोळे आणि सर्वांना सारखी बक्षिसे हा वार्षिक सोहळा बंद केला तरी चालेल. उरलेले दिवस चालू करावेत.

आमच्या त्या विद्यार्थिनीचे पदवीचे शेवटचे वर्ष आता सुरू आहे. यंदाच्या क्रीडामहोत्सवाआधी आम्ही तिला विचारले, काय करणार? ती म्हणाली, 'सर, मॅडम, सूत्रसंचालन दुसऱ्या कोणाला तरी द्या.' वसतिगृहाच्या मुलींच्या लगोरीच्या संघात तिचे नाव होते. मुलींनी रेषा तिच्यासाठी दोन पावले पुढे घेतली होती. बाकी नियम तेच. तिचा नेम बऱ्यापैकी लागला. दुसऱ्या डावात लगोरी रचायला ती पुढे झाली आणि चेंडू तिच्या पाठीत सणसणीत बसला. पंच झालेल्या मुलीने हात वर केला. ती बाहेर आली, धापा टाकीत आमच्या शेजारी बसली, आणि चेंडू आधी जमिनीला लागला होता असे म्हणून पुढची दहा मिनिटे पंचाला शिव्या देत राहिली.

तिच्या सहा वर्षांचे आम्ही काहीही परत करू शकत नाही. पण येत्या जूनमध्ये कुठल्यातरी शाळेत पाचवीच्या वर्गात अशीच एक मुलगी येईल. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्रेमाने तिचा हात धरून तिला पायरीकडे नेऊ लागेल. त्या माणसाला अडवणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.